इनासकाकांचा कातीव पलंग

माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी त्यांना दाराच्या फटीतून दिसलो, आणि तोही निम्माच. उरलेला निम्मा मी पलंगाच्या खांबामागे होतो.

तेव्हा आम्ही विरार पूर्वेला चंदनसारला नवीन फ्लॅट घेतला होता. नवीन म्हणजे बिल्डरच्या मते नवीन. आमच्या आधी त्यात कोणी राहिलं नव्हतं, एवढ्याच अर्थाने. घरात मी, माझी बायको सुलभा आणि माझी धाकटी बहीण वंदना. आईवडील गावी, त्यामुळे वंदनाच्या लग्नाची जबाबदारी माझ्यावर. वंदना अंधेरीला एका कंपनीत हिशेब बघायची आणि मुलगे नाकारायची. म्हणजे काही तिने नाकारले होते, काहींनी तिला. एकाने तर घर बघून नाकारलं होतं. ‘घरात जुनं, खानदानी असं काही वाटत नाही,’ असा निरोप मध्यस्थाकडून आला. हा निरोप वंदनाने हसण्यावारी नेला. मी मात्र मनाला लावून घेतला.

आमच्या घरात जुनं असं खरंच काही नव्हतं. सगळं सनमायका लावलेलं. सोफ्यासमोरचं टेबल, टीव्हीचं कपाट, देव्हारा, झालंच तर बेडरूममधला बॉक्सचा पलंगही. देवांनासुद्धा आम्ही सागवानी रंगाच्या सनमायकात बसवलं होतं. त्या दिवसांत रविवारच्या पुरवण्यांत जुन्या फर्निचरवर लेख यायचे. श्रीमंत लोक जुने लाकडी झोपाळे, कातीव खांब, शिसवी खुर्च्या शोधत गावोगाव हिंडतात, असं त्यात असायचं. मी श्रीमंत नव्हतो, पण हिंडायला कोणाची हरकत नव्हती.

फार हिंडावं लागलं नाही. आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेले इनासकाका विरारजवळच नंदाखालला राहायचे. गावच्या चर्चच्या सणाला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. जुनं कौलारू घर, पुढे केळीची बाग, आणि आतल्या खोलीत तो पलंग. चार उंच खांब, चारही सुताराच्या चरकावर फिरवून गोल कातलेले. खाली मडक्यासारखं गोल पोट, त्यावर बारीक गळा, मग एकावर एक कंगोरे, पुन्हा पोट, पुन्हा गळा. मी बघतच राहिलो. सुलभा माझ्याकडे बघत राहिली. तिला पुढचं दिसत होतं.

“काका, हा पलंग विकणार का?” मी विचारलं.

“विकू कसा? घराण्यातला आहे,” इनासकाका म्हणाले. “पण ठेवू तरी कुठे? पोरगा घर पाडून बंगला बांधतोय. सूनबाईला बॉक्सचा पलंग पाहिजे, सनमायकावाला. आत सामान राहतं ना.”

मी सुलभाकडे बघितलं. ती म्हणाली, “नाही.”

मी अजून काही बोललोही नव्हतो.

पण शेवटी अदलाबदल झाली. आमचा बॉक्सचा पलंग त्यांच्याकडे, त्यांचा कातीव पलंग आमच्याकडे. दोन्ही घरांना आपणच जिंकलो असं वाटलं, फक्त सुलभा आणि इनासकाका सोडून. काका पलंगाचे सुटे भाग टेम्पोत चढवताना प्रत्येक खांबावरून हात फिरवत होते. “ज्याला त्याची कदर आहे त्याच्याकडे जातोय,” ते म्हणाले. मी मान डोलावली. कदर हा शब्द ऐकून मला फार बरं वाटलं.

आमच्या जुन्या पलंगाच्या पोटात किती सामान होतं, ते तो गेल्यावर कळलं. गोधड्या, तांदळाची गोण, गणपतीचं मखर, लग्नात आलेले आणि कधीच न वापरलेले तीन डिनर सेट, माझी शाळेतली हार्मोनियम. हे सगळं हॉलमध्ये आलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात कल्याणच्या परबांचं स्थळ आलं. मुलगा महेश, सरकारी नोकरीत. रविवारी संध्याकाळी पाच वाजता बघायला येतो म्हणाले.

“पलंग परत पाठवू या,” सुलभा म्हणाली.

“उलट हीच वेळ आहे. आपण सांगू, पणजोबांचा पलंग.”

“कोणाच्या पणजोबांचा?”

“माझ्या.”

“तुमचे पणजोबा घोंगडीवर झोपायचे. सासूबाईंनी सांगितलंय मला.”

मी लक्ष दिलं नाही. पलंग जोडायला मी मेव्हण्याला, म्हणजे सुलभाच्या भावाला बोलावलं. दिलीपला सगळं येतं. निदान त्याचं तसं मत आहे. रविवारी सकाळी तो हातोडी, पाना आणि सुताराच्या पांढऱ्या गोंदाचा डबा घेऊन हजर झाला.

“काकांनी गोंदाचं काही सांगितलं नव्हतं,” मी म्हणालो. “दांडे नुसते खाचेत बसवायचे, म्हणजे हवं तेव्हा सोडवता येतात.”

“भावजी, सोडवायचाय कशाला? मी काम करतो ते कायमचं करतो.”

आणि त्याने ते कायमचं केलं. दुपारपर्यंत पलंग उभा राहिला. दिसत होता राजासारखा. फक्त राजाला दरबार जरा लहान पडला होता. आमच्या बेडरूमला बिल्डर बेडरूम म्हणायचा म्हणून आम्ही म्हणायचो. एका भिंतीला लोखंडी कपाट, समोरच्या भिंतीत दार, मध्ये पलंग. पलंग एका बाजूने कपाटाला चिकटला होता, आणि दुसऱ्या बाजूला कमरेतून वळून आत शिरण्यापुरती वाट उरली होती. खांब पंख्याच्या पात्यांना लागत होते, म्हणून पंखा बंद. महिना मे.

आणखी एक गोष्ट होती. उशाकडच्या फळीवर मधोमध एक छोटासा सुबक क्रूस होता, तोही कातलेल्या दोन बोंडांच्या मध्ये. माझे पणजोबा गावच्या देवळाचे मानकरी होते, असं मी मध्यस्थाला आधीच सांगून ठेवलं होतं. दिलीपने क्रुसावर टॉवेल टाकला. “ओला आहे म्हणून वाळत घातलाय असं वाटेल,” तो म्हणाला. टॉवेल कोरडा होता. त्याने तो ओला करून आणला. (दिलीपचं काम असं चोख असतं.)

चार वाजता वंदनाने बेडरूममधून हाक मारली. “दादा, कपाट उघडत नाही. माझी साडी आत आहे.”

उघडणार कसं? पलंग चिकटला होता ना. मी नुकताच आंघोळीला निघालेला, लुंगी आणि बनियनवर. आत गेलो. पलंग दाराच्या बाजूला सरकवला तर कपाट उघडेल, हे उघड होतं. पण दार आतल्या बाजूला उघडतं, ते मध्ये येत होतं. म्हणून मी आधी दार लावून घेतलं. त्या क्षणी मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

आम्ही दोघांनी पाय रोवून पलंग ढकलला. तो तिरका सरकला. कपाटाचं डावं दार उघडलं. वंदनाने साडी काढली. मग मी कपाटाचं दार लावायला गेलो तर ते लागेना. त्याचा दांडा, म्हणजे ते लोखंडी हँडल, पलंगाच्या खांबाच्या गळ्यात जाऊन बसलं होतं. वरच्या आणि खालच्या दोन पोटांच्या मध्ये, अगदी तिथेच जन्मल्यासारखं. ओढलं तर निघेना, ढकललं तर आणखी घट्ट. आणि पलीकडे दुसऱ्या खांबाचं पोट खोलीच्या दाराला जाऊन भिडलं होतं. मी दार उघडून बघितलं. चार बोटांची फट पडली आणि टक्क असा आवाज आला.

“दादा,” वंदना शांतपणे म्हणाली, “आपण अडकलोय.”

“काही नाही गं. दिलीप, पलंग सोडव.”

फटीतून दिलीपचा चेहरा दिसला. तो गोरामोरा झाला होता. “भावजी, गोंद आहे ना.”

“मग?”

“चांगला आहे गोंद. सुटत नाही तो.”

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. परब मंडळी अर्धा तास लवकर आली होती. उशीर होईल म्हणून लवकर निघालो, असं कारण त्यांनी सुलभाला दिलं.

मला अंगावर काहीतरी घालायला हवं होतं. पण माझे कपडे कपाटाच्या उजव्या दारामागे, आणि ते दार खांबाने दाबून धरलेलं. डाव्या बाजूला सुलभाच्या साड्या आणि थंडीचे कपडे. मी स्वेटर घातला. हिरवा, सुलभाने विणलेला, लांब बाह्यांचा. लुंगीवर तो कसा दिसत होता ते सांगत नाही. वंदनाने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि साडी नेसून घेतली. माणूस शांत असला की किती कामं होतात, हे मला तेव्हा कळलं, कारण मी शांत नव्हतो.

बाहेर सुलभा पाहुण्यांना तांदळाची गोण आणि मखर यांच्या मधून वाट काढत सोफ्यापर्यंत नेत होती.

“सामान हलवताय का?” परबकाकूंचा आवाज.

“नाही, पलंग बदलला ना, म्हणून.”

“आणि मुलीचे भाऊ?”

“आहेत. आतच आहेत.”

“मग येतील ना बाहेर?”

यावर सुलभाने पाण्याचे ग्लास पुढे केले. तिला खोटं बोलता येत नाही, तो विभाग माझ्याकडे होता. म्हणून मीच आतून आवाज दिला. “नमस्कार परबकाका. जरा पलंगाची अडचण झाली आहे. आमच्या पणजोबांचा पलंग, भारी लाकूड.”

फटीत एक डोळा आला. डोळ्यावर चष्मा होता. डोळ्याने खांब पाहिला, कंगोरे पाहिले, मला पाहिलं.

“आजोबा आजारी आहेत का?” परबकाकांनी मागे वळून हळूच विचारलं.

“ते मुलीचे भाऊ आहेत,” सुलभा म्हणाली.

“स्वेटर घातलाय त्यांनी.”

“घालतात कधी कधी.”

डोळा परत आला. “पणजोबांचा पलंग म्हणता? मग इतकी वर्षं दार कसं उघडत होतं?”

प्रश्न बरोबर होता. मी उत्तर शोधत घाम पुसला, आणि घाम पुसायला जवळचा टॉवेल ओढला. तो ओला आहे हे आधी लक्षात आलं, आणि तो कुठून ओढला हे नंतर. चष्मा वर उचलला गेला. क्रूस अगदी स्वच्छ दिसत होता, नुकताच पुसल्यासारखा.

“पणजोबा देवळाचे मानकरी होते ना?” परबकाका म्हणाले.

मी काही बोलणार, एवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला. “काय, बसला का पलंग नीट?” इनासकाका होते. एका हातात सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची पुडी, दुसऱ्या हातात पिशवी. “खांबांच्या डोक्यावरची दोन बोंडं माझ्याकडेच राहिली होती, ती आणली. माझ्या आजीच्या हातची पॉलिश आहे त्यांना.”

फटीतला चष्मा मागे वळला. मग परबकाकांनी विचारलं, “तुम्ही यांचे कोण?”

“मी? पलंग माझा. म्हणजे होता. का?”

“हे म्हणतात, त्यांच्या पणजोबांचा आहे.”

इनासकाकांनी पिशवी खाली ठेवली. “मी त्यांचा पणजोबा दिसतो का?”

परबकाकू हसल्या असं मला वाटलं. पण खात्री नव्हती, त्या खोकल्याही असतील. मी खांबाला टेकून डोळे मिटले. वंदनाचं हे स्थळही गेलं, आणि या वेळी तर ते घालवायचं श्रेय पूर्ण माझं होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती साडीच्या निऱ्या नीट करत होती. हसत नव्हती, रडत नव्हती. मला तिचं खरंच वाईट वाटलं. बिचारी एवढी छान नेसली होती, आणि बघायला कोण, तर स्वेटर घातलेला मी.

बाहेर चर्चा सुरू झाली. दिलीपने करवत मागवली. “खांबाचं हे पोट कापून टाकू. एवढंच आड येतंय. सपाट केलं की दार उघडेल.”

फटीच्या पलीकडे इनासकाका होते. त्यांनी हात आत घालून खांबाच्या त्या पोटावर ठेवला. “कापा,” ते म्हणाले. “आता तुमचाच आहे. माझा जन्म ह्याच पलंगावर झाला. माझ्या भावाचा पण. आई बाळंतपणात ह्या खांबाला धरायची म्हणे.”

कदर करणारा माणूस मी होतो. काहीतरी बोलणं माझं कर्तव्य होतं. पण माझ्याआधी वंदनाच बोलली.

“खांबाला कोणी हात लावायचा नाही. दार कापा.”

“अगं, नवीन दार आहे,” सुलभा म्हणाली. “रंग दिलाय परवाच.”

“वहिनी, दार पुन्हा करता येईल. हे कोण करून देणार?”

मग दार की खांब यावर हॉलमध्ये सभा भरली. शेजारचे दोघे आले. तेही बोलायला लागले. दार सोसायटीचं की आमचं, हा मुद्दा निघाला. सुलभा चहाचं बघायला स्वयंपाकघरात गेली. आणि या गोंधळात फटीपाशी एक नवीन चेहरा आला. तो महेश होता.

“तुम्हाला आत फार उकडत असेल,” तो वंदनाला म्हणाला. “चहा आणला होता, पण कप आत येत नाही.” त्याने कप आडवा करून पाहिला होता, हे त्याच्या शर्टवरून दिसत होतं. मग त्याने सुकेळ्यांची पुडी उघडली आणि एक सुकेळं फटीतून पुढे केलं. ते सहज आलं. मुलीने पाहुण्यांना पोहे द्यायचे असतात. आमच्याकडे पाहुण्याने मुलीला सुकेळी दिली, एकामागून एक. मला एकही मिळालं नाही.

“दादा, कान बंद कर,” वंदना म्हणाली.

मी पलंगावर पाठ फिरवून बसलो आणि कानात बोटं घातली. (अगदी खोलवर घातली नव्हती. मोठ्या भावाची जबाबदारी असते.)

“तुमचा भाऊ असाच असतो का?” महेशने विचारलं.

“नाही. एरवी स्वेटर नसतो.”

तो हसला. मग म्हणाला, “मला खरं तर काही विचारायचं नाही. सगळे विचारतात, स्वयंपाक येतो का वगैरे. मला तरी कुठे येतो?”

“मला एक विचारायचंय. लग्नानंतर नोकरी सोड म्हणाल?”

“मी सांगितलं तर सोडाल?”

“नाही.”

“मग कशाला सांगू?”

मी बोट जरा सैल केलं.

“तुम्ही मघाशी दार कापा म्हणालात,” महेश म्हणाला. “मला आवडलं ते. त्या काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.”

“मला तो फटीतून दिसला नाही.”

“म्हणून सांगतोय.”

याआधीच्या मुलांशी वंदना हॉलच्या कोपऱ्यात पाच मिनिटं बसायची आणि दोघंही पंख्याकडे बघत राहायची. इथे मधे दार होतं, खांब होता, भाऊ होता, तरी बोलणं थांबेना.

तिकडे सभेचा निर्णय वंदनाच्या बाजूने लागला. दिलीपने करवत सरसावली. महेश बाजूला झाला. आम्ही आत पलंगावर पाय वर घेऊन बसलो. करवत लावण्याआधी दिलीपने पकड मिळावी म्हणून दारावर कोपर टेकवलं, आणि जोर दिला.

त्याचं कोपर आत आलं. मागोमाग हात, मग खांदा. करवत बाहेरच राहिली. दाराला वरून पातळ फळी होती, आत पुठ्ठ्याचे तुकडे आणि लाकडाचा भुसा. बाकी काही नव्हतं. इतका वेळ ज्या दाराला आम्ही भिंतीसारखं मानत होतो, ते कोणीही नुसतं रेललं असतं तरी पडलं असतं. एका मिनिटात निम्मं दार गळून पडलं. पाहुण्यांच्या अंगावर, चहात, माझ्या स्वेटरवर, सगळीकडे भुसा. पलंगाला ओरखडासुद्धा नाही.

वंदना उरलेल्या चौकटीतून वाकून बाहेर आली, पदर सावरला आणि परबकाकूंच्या पाया पडली. मी तिच्या मागून निघालो. बाहेरच्या उजेडात सगळ्यांनी मला पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. इनासकाका आत शिरून खांबावरचा भुसा रुमालाने झटकत होते.

परब मंडळी जिन्यात जाऊन आपसात बोलली. आम्ही हॉलमध्ये हार्मोनियमवर बसून वाट पाहत होतो. मी मनातल्या मनात मध्यस्थाला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो.

ते परत आले. परबकाकांनी घसा साफ केला. “मुलगी आम्हाला पसंत आहे. महेशचं तर तिथेच ठरलंय, सुकेळी संपली तेव्हाच.”

सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं. इनासकाकांनी माझा हात दाबला. मी गहिवरून म्हणालो, “काका, आमच्याकडून काही अपेक्षा असतील तर मोकळेपणाने सांगा.”

“अपेक्षा काही नाही,” परबकाका म्हणाले. “फक्त एक विनंती. लग्नात आम्हाला काही देऊ नका. विशेषतः फर्निचर.”

मी लगेच कबूल झालो. मोठ्या मनाने, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. खरं सांगायचं तर आमच्याकडे देण्यासारखी एकच वस्तू होती, आणि ती आता दाराची चौकट तोडल्याशिवाय खोलीतून निघणार नव्हती.